कुपवाडचा साहेब, जर्मनीत नुसता इंजिनिअर: यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप सांभाळतोस, हाताखाली वीसेक माणसं आहेत. आता स्टुटगार्टजवळच्या कंपनीची ऑफर आलीय, पण हुद्दा 'प्रोसेस इंजिनिअर' आणि हाताखाली कुणीच नाही. "दादा, ही पायरी उतरणं नाही का? लीडरशिपचं काय?"

व्हिसाचं आधी उरकतो. २०२५ साली ब्ल्यू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यासाठी, वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराची अट होती, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना ४३,७५९.८०. आकडा दरवर्षी बदलतो, तुझ्या वर्षाचा बघून घे. जर्मन भाषा बी१ (मधल्या) पातळीपर्यंत नेलीस तर २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, ए१ या अगदी प्राथमिक पातळीवर थांबलास तर २७ महिन्यांनी. उद्या लग्न झालं तर बायकोलाही नोकरी करता येते. बाकीचं नेटवर सापडेल.

हुद्द्याचं मात्र सविस्तर लिहितो, कारण माझी मतं सगळ्यात जास्त तिथेच बदलली.

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून मिरजेत लागलो तेव्हा माझ्या लेखी लीडर म्हणजे ज्याचा फोन सतत वाजतो तो. "साहेब, कापायचं इन्सर्ट संपलं." "साहेब, भोकाचा बोअर वीस मायक्रॉन मोठा येतोय, काय करू?" रात्री दोनला फोन आला की चिडायचो, पण आतून बरंही वाटायचं. मी रजेवर गेलो की लाइन अडते, हे आम्ही कौतुकाने सांगायचो. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणरावांनी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. एक खमक्या माणूस असला की कारखाना चालतो, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला होता.

इथे जर्मनीत आल्यावर सुरुवातीलाच एक प्रकार पाहिला. उमेदवारीतला एक पोरगा, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. बोअरमध्ये माप तपासायचा गेज सैल जायला लागला तसं त्याने मशीन थांबवलं, शेवटचे जॉब लाल ट्रेमध्ये बाजूला काढले आणि मग माइस्टरला हाक मारली. माइस्टर म्हणजे आपल्या भाषेत फोरमन, पण रीतसर परीक्षा दिलेला. इथे त्या परीक्षेचा दर्जा पदवीच्या बरोबरीचा धरतात. तो आला आणि पहिलं वाक्य बोलला, "काय दिसलं तुला?" मॅनेजर काचेपलीकडे बसला होता, खुर्चीतून उठलाही नाही. मला तो आळशी वाटला. बरेच दिवस वाटत होता.

मग डिस्पॅच अडकलं. आपल्याकडे "शनिवारी या रे सगळे" म्हटलं की झालं. इथे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असेल, तर जादा कामाला त्याची संमती कायद्यानेच लागते. तोच 'आळशी' मॅनेजर त्यांच्यासमोर बसून किती नग, कशामुळे उशीर, बदली सुट्टी कधी, हे सगळं मांडत होता. याचे हात बांधलेत, असं मला वाटलं. पुढे कळलं की असे शनिवार त्याच्या खात्यात फार क्वचित येतात. दर वेळी जाब द्यावा लागतो म्हटल्यावर माणूस नियोजन आधीच करतो.

तरी इथलं सगळंच सोनं नाही. एकदा मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटची लाइन फुटली, तेव्हा हे कुणाच्या अखत्यारीत येतं यावरच चर्चा सुरू झाली. पंप मी बंद केला. अशा वेळी मिरजेचा साहेब हवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर सांगलीत होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिलं. आमच्या भागात गल्लीतल्या मंडळाचा एक कार्यकर्ता वही घेऊन उभा होता: कुठल्या घरात म्हातारी माणसं, कुणाला इन्सुलिन लागतं, बोट आधी कुठे न्यायची. मोठ्याने हुकूम सोडणारे बरेच होते, पण लोक वहीवाल्याला विचारत होते. त्याला हुद्दा कसला असणार? वर्गणी गोळा करणारा पोरगा!

म्हणून हाताखाली किती माणसं हे मोजायचं मी सोडलंय. इथे बऱ्याच कंपन्यांत कामाची सूत्रं एकाकडे आणि रजा, पगारवाढ, मूल्यमापन दुसऱ्याकडे असतं. फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणारी चौकट, बदलायचं ठरलं तर क्वालिटी, टूलरूम, खरेदी या सगळ्यांना प्रोसेस इंजिनिअरनेच एकत्र आणायचं, आणि यातलं कुणीही त्याच्या हाताखाली नसतं. आकडे चोख असतील तर ऐकतात. जर्मन मोडकी असली तरी चालते, पण हवीच. शॉप फ्लोअरवर इंग्रजीने भागत नाही.

तेव्हा पायरी उतरणं म्हणून बघू नकोस. मात्र फोन वाजला नाही की करमत नाही, असा तुझा स्वभाव असेल तर पहिलं वर्ष जड जाईल. घरच्यांना आणि लग्नाच्या बैठकीत हुद्दा कसा सांगायचा ते तुझं तू बघ, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

सही करण्याआधी कंपनीला एवढं विचार: माझ्या कामाचे निर्णय कोण घेतं, आणि मूल्यमापन कोण करतं? प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असेल. त्या काळात दोन्हीकडून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी सुटू शकते, तेव्हा कुपवाडच्या मालकांशी गोडीने निरोप घे. अनुभवपत्रात नुसतं 'इनचार्ज' लिहून घेऊ नकोस. कुठली मशीन, कुठले जॉब, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, हे इंग्रजीत लिहून माग. निघाल्यावर ते पत्र मिळवायला फार हेलपाटे पडतात.