कीनोट स्पीकर : बीजभाषक, बीजवक्ते की प्रमुख वक्ते?

प्रश्न असा आहे : पुण्यात संगणक अभियंत्यांची तीन दिवसांची परिषद भरते आहे, तिची कार्यक्रमपत्रिका मराठीत करायची आहे. इंग्रजी पत्रिकेत चार कीनोट स्पीकर आहेत. त्यांना बीजभाषक म्हणावं, बीजवक्ते म्हणावं, की सरळ प्रमुख वक्ते लिहावं?

आधी 'प्रमुख वक्ते' पाहू. अर्थ चटकन कळतो म्हणून हा शब्द सोयीचा वाटतो, पण कीनोट करणारा माणूस त्या मंडपातला सर्वांत मोठा माणूस असतो असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या राजकीय पक्षांच्या अधिवेशनांत कीनोट भाषणाची प्रथा जुनी आहे. 2004 साली बोस्टनला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कीनोट भाषण केलं बराक ओबामांनी. तेव्हा ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते, आणि सेनेटची निवडणूक लढवत होते. अधिवेशनाचे नायक होते अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी, आणि त्यांचं भाषण वेगळं, शेवटच्या दिवशी झालं. ओबामांना मान दिला होता तो सूर लावण्याचा.

'सूर लावणं' हेच या शब्दाचं मूळ आहे. कीनोट हा पाश्चात्त्य संगीतातला शब्द. ज्या स्वराच्या आधारानं सगळी रचना उभी राहते तो स्वर, आपल्या भाषेत षड्ज. साथीला वाद्य नसलेल्या गायकवृंदाला सुरुवातीला एक स्वर देतात आणि मग सगळे त्याला धरून गातात. आपल्याकडे पेटीवाला गायकाला विचारतो, "पट्टी कोणती?" आणि उत्तर येतं, "काळी दोन." त्या अर्थानं कीनोट म्हणजे पट्टीचा स्वर. 'पट्टीचा वक्ता' असा सुरेख प्रयोग मराठीत आहेच, पण तो वक्त्याचं कसब सांगतो, त्याच्यावर सोपवलेलं काम सांगत नाही. त्यामुळे इथे तो चालणार नाही.

मराठीनं हा शब्द घेताना संगीत सोडलं आणि शेती धरली : बीजभाषण. विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत तो पक्का रुजला आहे. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण 'बीज' या शब्दाला आपल्या परंपरेत नेमका हाच अर्थ आहे. नाट्यशास्त्रात कथानकाच्या ज्या पाच अर्थप्रकृती (कथानक फळापर्यंत नेणारे घटक) सांगितल्या आहेत त्यांतली पहिली 'बीज' : आरंभी अगदी थोडक्यात पेरलेलं, पुढे अनेक अंगांनी पसरत जाणारं आणि अखेरीस फळाला येणारं. कीनोट भाषणाकडून याहून वेगळी अपेक्षा काय असते? सकाळी एकानं मुद्दा पेरावा आणि नंतरच्या सत्रांतल्या वक्त्यांनी तो वाढवावा, खोडावा, तपासावा. (जाता जाता : तुकाराम बीज किंवा भाऊबीज यांतली बीज निराळी. ती द्वितीयेपासून आलेली, स्त्रीलिंगी. पेरायचं ते बीज नपुंसकलिंगी.)

कोणी 'सूत्रभाषण' सुचवेल. अर्थानं ते चांगलं आहे, पण सूत्रसंचालन शेजारीच उभं असतं आणि पत्रिकेत दोन्ही एकाखाली एक आले की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता अडचण तंत्रज्ञानाच्या जगाची. तिथे कीनोटचा अर्थ बराच सरकला आहे. 9 जानेवारी 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळ्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला, त्याला सगळं जग कीनोटच म्हणतं. त्यांच्या ॲपल कंपनीनं 2003 साली काढलेल्या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरचं नावही कीनोट. पण मॅकवर्ल्डला लोक आले होते ते जॉब्ज यांच्या भाषणासाठीच. नंतरच्या चर्चेला सूर देणं हे त्याचं काम नव्हतं, नवी वस्तू जगापुढे मांडणं हे होतं. अशा कार्यक्रमाला बीजभाषण म्हटलं तर शब्द अंगाला बसत नाही. तिथे मी 'कीनोट' तसाच ठेवतो किंवा 'अनावरण' म्हणतो. तसा ठेवलात तर जोडून लिहा. 'की नोट' असं तोडलं की 'की' हे अव्यय होऊन बसतं आणि वाचणारा अडखळतो.

अभियंत्यांच्या, विशेषतः मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदांत तिसरा अर्थ दिसतो. एरवी तीन-चार दालनांत एकाच वेळी व्याख्यानं चालू असतात, कीनोटच्या वेळी मात्र बाकीची दालनं बंद ठेवून सगळ्यांना मोठ्या सभागृहात बसवतात. 2011 साली पायकॉन इंडिया, म्हणजे पायथॉन या संगणकीय भाषेची परिषद, पुण्यात झाली, तेव्हा ती भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर, कीनोटला होते. अशा भाषणाला बीजभाषण खुशाल म्हणावं. सगळ्यांनी एकत्र ऐकलेलं असतं, म्हणून तर दुपारच्या चहाला सगळे त्यावरच बोलत असतात.

तुमच्या चौघांचं काय? प्रत्येक दिवसाची सुरुवात ज्या भाषणानं होते आणि ज्याचा विषय त्या दिवसाच्या सत्रांशी जोडलेला आहे, तेवढ्यालाच बीजभाषण म्हणा. म्हणजे जास्तीत जास्त तीन होतील. चौथे पाहुणे निव्वळ नाव मोठं म्हणून बोलावले असतील तर त्यांना 'निमंत्रित वक्ते' म्हणा. त्यात त्यांचा मान कमी होत नाही आणि बीज या शब्दाचा अर्थही शाबूत राहतो. दोघांनी खुर्च्यांवर बसून बोलायचं सत्र असेल, 2024च्या ऑक्टोबरात मुंबईला एनव्हिडिया या चिप कंपनीच्या परिषदेत तिचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि मुकेश अंबानी बोलले तसं, तर त्याला 'संवाद' किंवा 'गप्पा' हे शब्द पुरे आहेत.

राहिला माणसासाठीचा शब्द. 'बीजभाषक' चुकीचा नाही, छापलेलाही दिसतो, पण मराठीत 'भाषक' ऐकला की आधी 'मराठी भाषक', 'कन्नड भाषक' आठवतात. 'बीजवक्ता' माझ्या कानाला ओढूनताणून जोडलेला वाटतो, आणि बाई बोलणार असतील तर 'बीजवक्त्या' उच्चारताना जीभ अडते. माझा सल्ला असा की इथे माणसासाठी नाम शोधूच नका. आपल्या पत्रिकांची जुनी रीत आहे, आधी काम आणि मग नाव : 'उद्घाटन :', 'अध्यक्ष :', तसंच 'बीजभाषण :' आणि पुढे नाव. सूत्रसंचालकाला बोलताना तर क्रियापदच सोपं पडतं : "आजचं बीजभाषण अमुक करतील." बातमीत किंवा परिचयात नाम लागलंच, तर 'बीजभाषक' घ्या. स्त्री-पुरुष दोघांना तोच चालेल, 'बीजभाषिका' करू नका.