जुन्या शिडाच्या बोटीला कोणता ऑटोपायलट बसवावा?

आपण राहता जळगावात आणि चाकाने वळणारी जुनी, ३४ फुटी बोट ठेवली आहे मुंबईजवळ, हे लक्षात घेऊन उत्तर देतो. ऑटोपायलट म्हणजे ठरलेल्या दिशेला बोट आपोआप वळवत ठेवणारे यंत्र. त्याची निवड बोटीच्या लांबीवरून न करता वजनावरून करावी, आणि तेही नुसते कागदोपत्री वजन नव्हे. पाणी, डिझेल, नांगर-साखळी व सामान यांपोटी त्या वजनात साधारण २० टक्के वाढ गृहीत धरावी. चाकावर बसणारे यंत्र स्वस्त व सोपे असले, तरी मागून येणाऱ्या मोठ्या लाटांत ते अपुरे पडते. लांबच्या प्रवासासाठी डेकखालचे यंत्र घ्यावे आणि ते सुकाणूच्या दांड्याला स्वतंत्र आर्मने जोडावे, म्हणजे चाकाची केबल तुटली तरी बोट वळवता येते. या यंत्राचा जोर मोठा असल्याने ते जिथे बसवायचे तिथले फायबरग्लास आधी मजबूत करून घ्यावे. हे काम आपल्याकडच्या ट्रॅक्टर-मेकॅनिकच्या भरवशावर सोडू नये, तो कितीही हुशार असला तरी.

ऑटोपायलटला दिशा कळवणारा होकायंत्राचा सेन्सर इंजिन, लोखंड व स्पीकरपासून किमान १ मीटर लांब असावा. सुकाणूत ढिलाई असल्यास ती आधी काढावी, अन्यथा यंत्र सतत डावी-उजवीकडे धावून बॅटरी संपवते. खानदेशातून वारंवार जाणे होत नसल्याने बॅटरी भरलेली राहावी म्हणून सोलर पॅनेल आवश्यकच समजावे. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर असताना जोडणी उरकावी. सेन्सरची जुळवणी मात्र नंतर, शांत पाण्यात संथ गोल फेऱ्या मारूनच होते.