नवीन पीसी घेतलास, आता घाई करू नको बे

अभिनंदन भावा! पहिलं म्हणजे एखाद्या गेमचा 'पुढचा पार्ट येतोय' असा व्हिडिओ दिसला की लगेच नाचायचं नाही. हाफ-लाइफ 2 चा एपिसोड टू 2007 ला आला, तिसऱ्याची वाट मी कॉलेजपासून बघतोय, आता पोरगं शाळेत जातंय. कंपनीने स्वतः तारीख सांगितली तरच खरं, आणि तरी प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणं, नकोच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) गेम घेण्याआधी पेजवर 'थर्ड पार्टी डीआरएम' लिहिलंय का बघ, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून गेमला लावलेलं बाहेरच्या कंपनीचं कुलूप, डेन्युवो वगैरे. मी बघितलं नव्हतं. मे महिना, सात रस्त्याला डांबर वितळतंय, घरी नेट गेलेलं, म्हटलं कूलरसमोर शेंगा खात खेळू, तर पैसे मोजून घेतलेला गेम म्हणतोय आधी ऑनलाइन या! संध्याकाळपर्यंत नुसता वॉलपेपर बघत बसलो.

- जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात डीआरएम नसतं, इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर टाकून ठेव.
- स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मागता येतो, म्हणून कटसीन (गेममधले सिनेमासारखे सीन) बघत बसू नको, आधी गेम नीट चालतोय का ते बघ.
- स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी सीडी उचलू नको, सेफडिस्कवाली (सीडीवरचं जुनं डीआरएम) विंडोज 10 वर चालतच नाही.

आणि वैतागून क्रॅक (कुलूप तोडलेला चोरीचा गेम) टाकू नको बे, व्हायरस काढायला परत माझ्याकडेच येशील.