खोकला आला की छातीवर फुगवटा येतो

प्रश्न : बाबा ६७ वर्षांचे. दोनेक वर्षांमागे उजव्या बरगड्यांमधून छोटा छेद देऊन हार्टच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं. आता खोकला आला की टाक्यांच्या जागी लिंबाएवढा फुगवटा येतो नि परत आत जातो, दुखत नाही. शेजारी म्हणतात चरबीची गाठ आहे, तेल लावून चोळा. काय करू? – एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, आधी ते चोळणं बंद करा. तुम्ही लिहिलंय तसं खोकल्याबरोबर बाहेर नि मग आपोआप आत, असं चरबीची गाठ करत नाही, हा बहुतेक फुफ्फुसाचा हर्निया असावा. छेद दिलेल्या जागी दोन बरगड्यांमधले स्नायू नीट जुळले नाहीत किंवा नंतर सैल पडले की खोकताना आतला दाब वाढतो आणि फुफ्फुसाचा तुकडा त्या फटीतून कातडीखाली येतो. छातीच्या पुढच्या बाजूला मधल्या हाडाजवळ स्नायूंचा बाहेरचा थर मुळातच नसतो म्हणून तिथे जास्त. ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतो.

आणि एक कळकळीने सांगते, गाठ समजून कुणी तिथे सुई घालायला निघालं तर घालू देऊ नका! आत फुफ्फुस असेल तर त्याला भोक पडून छातीत हवा भरते.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या छातीच्या सर्जनना दाखवा, ऑपरेशनची फाईल न्या. साध्या एक्स-रेत हे सुटू शकतं, म्हणून सीटी स्कॅन लागतो, आणि तो काढताना बाबांना श्वास धरून जोर लावायला सांगतात कारण आरामात पडून असताना फुफ्फुस आत गेलेलं असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे तुम्हीच आधी सांगून ठेवा, फुगवट्याचा मोबाईलवर व्हिडिओ असला तर उत्तमच.

लहान आहे, त्रास नाही, तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. वाढत गेला, दुखायला लागला तर ऑपरेशन करून बरगड्या जवळ ओढतात किंवा जाळी बसवतात. पण बाबांचा खोकला कशाने येतोय ते आधी शोधा हो, विडी-सिगरेट, दमा, जुनी सर्दी, काहीही असेल. तो थांबला नाही तर केलेली दुरुस्तीसुद्धा परत सुटू शकते. बद्धकोष्ठ असेल तर त्याचंही औषध घ्या, नारळाची पोती उचलणं तूर्त बंद.

फुगवटा आत जाईनासा झाला, खूप दुखायला लागला, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.