मुलीची सायकल सारखी पंक्चर होते, जेल टाकू का ट्यूब बदलू? घरी काय करता येईल?

दुकानातून पंक्चर काढून आणलं की चार-आठ दिवसात परत हवा जायलीय म्हणताय ना, मग इतक्यात ट्यूबमधे भरायचं, भोक बुजवणारं जेलही नका घेऊ आणि ट्यूबही नका बदलू. आधी काटा शोधा. दुकानदार घाईत ट्यूबचं भोक बुजवून देतो, पण काटा टायरमधेच राहतो आणि त्याच जागी नाहीतर जरा सरकून परत टोचतो, नवीन ट्यूब टाकली तरी तिलाही तोच टोचणार.

मी परभणीकडचा. आपल्याकडं रस्त्याच्या कडंनी सगळी वेडी बाभूळ, आणि पावसाळा सरला की सराटे वाळून पडतात, सराटा कसाबी पडला तरी त्याचा एकतरी काटा वर असतोच. बाभळीच्या काट्याची गंमत अशी की बाहेरून मोडून जातो आणि टोक रबरात अडकून बसतं, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. हायवेला जळालेल्या ट्रकच्या टायरातल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या तर केसासारख्या, उन्हात धरून बघितल्याशिवाय सापडत नाहीत.

आता करायचं काय, तर ट्यूब काढायच्या आधी वॉलच्या (जिथून हवा भरतो त्या तोंडाच्या) समोर टायरवर खडूनं खूण करा. मग ट्यूब काढून हवा भरा, बादलीत बुडवून बुडबुडे कुठं निघतात ते बघा आणि ती ट्यूब खुणेप्रमाणं टायरवर धरा, म्हणजे टायरमधे कुठं शोधायचं ते कळतं. (ट्यूब उलटी धरली गेली असली तर वॉलच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर पण बघा.) टायरच्या आतून बोट फिरवू नका, फाटेल. जुना सुती मोजा नाहीतर कापूस फिरवा, जिथं अडकेल तिथं काटा. नेलकटरनं किंवा चिमट्यानं ओढून काढा आणि एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण चक्कर फिरवा.

भोक कुठंय त्यावरून पण बरंच कळतं. बाहेरच्या अंगाला असलं तर काटा. आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडं असलं तर रिमची पट्टी सरकलीय आणि चाकाच्या ताराचं (स्पोकचं) टोक टोचायलंय, तिथं पट्टी बदलायची, पॅचनं भागत नाही. आणि शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असल्या तर हवा कमी असताना खड्ड्यात आपटून ट्यूब रिममधे चिमटलीय. उन्हाळ्यात टायर फुटंल म्हणून हवा कमी ठेवणारे लई लोक बघितलेत, पण 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असली आणि टायर तीसेक डिग्रीनं तापला तरी 56 च्या आसपास जाईल, एवढ्यानं धड टायर फुटत नसतो. टायरच्या बाजूला जो आकडा छापलाय तेवढी भरा. फक्त पेट्रोल पंपावर जपून, तिथला कॉम्प्रेसर सायकलच्या ट्यूबला लगेच जास्त भरतो.

पाण्यात एकही बुडबुडा नाही तरी रात्रीतून हवा जाते? मग सायकल जुन्या पद्धतीची असली तर वॉलट्यूब बघा. ती रबराची बारीक नळी उन्हानं कडक होऊन चिरते, किरकोळ पैशात मिळते, दोन-चार आणून ठेवा. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलला बहुतेक मोटरसायकलसारखा वॉल असतो, त्यावर थुंकी लावून फुगा येतो का बघा, आला तर आतली पिन घट्ट करा.

पॅच लावताना लोक सोल्यूशन (पॅच चिकटवायचा डिंक) ओलं असतानाच दाबतात, म्हणून तो सुटतो. पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा मोठी जागा घासा, ट्यूबवरची उभी शिवण पण सपाट करा, सोल्यूशन पातळ पसरा आणि ओली चमक जाईपर्यंत थांबा, हात लावून बघू नका. मग दाबून रगडा. सोल्यूशनची छोटीच ट्यूब घ्या, एकदा फोडली की वाळून जाते. टायरलाच चीर असली तर आतून गेटर, म्हणजे चिरेमागं ठेवायचा रबराचा तुकडा टाका, जुन्या टायरचा तुकडा पण चालतो.

जेल बारीक काट्यांसाठी कामाचं आहे, नाही असं नाही, पण ते वॉलमधे पण जाऊन बसतं, आणि भोकातून बाहेर आलं की त्या जागी पॅच नीट चिकटत नाही. म्हणून ते शेवटी.

बाकी जास्त काही नाही. ब्रेकचं रबर रिमवरच लागतंय ना तेवढं बघा, टायरवर घासत असलं तर बाजूनं टायर कापत जातं आणि एक दिवस ट्यूब बाहेर येऊन फाटकन फुटते. चेनला खोबरेल तेल टाकू नका, चिकट होतं, शिलाई मशीनचं चालतं पण लवकर सुकतं, टाकल्यावर कपड्यानं पुसून घ्या नाहीतर आपली काळी माती सगळी तिथंच बसती. डावं पायडल कधी काढायचं झालं तर त्याचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडू नका. कोन-छर्रे (चाकाच्या मधल्या बेअरिंगचं काम) आणि रिमचा आऊट (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं) मात्र दुकानातच द्या, तारा आवळायला हात बसावा लागतो.

पुढचं चाक का मागचं ते लिहिलं नाही तुम्ही. मागचं असलं तर काढायच्या आधी चेन कशी बसलीय त्याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, आणि बसवताना चाक मधोमध ठेवून दोन्हीकडचे नट आलटून पालटून आवळा.