गोळ्यांनी मेंदू झिजतो म्हणून त्या बंद करू का?

निनादच्या आईने (नाव बदललं आहे) पिशवीतून एमआरआयचा रिपोर्ट काढतानाच विचारलं, "मॅडम, शेजारच्यांनी मोबाइलवर वाचलंय, या गोळ्यांनी मेंदू झिजतो म्हणे. यात पण तसंच लिहिलंय ना? मग बंद करू का?"

रिपोर्टात मेंदू किंचित आकसल्याची एक ओळ होती. निनाद 26 वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा पेशंट. ओलान्झापिन या गोळीने कानात येणारे भासाचे आवाज थांबले, भांडुपहून लोकलने तो एकटा कामावर जायला लागला. पण वजन भराभर वाढलं. पॅन्टचं बटण लागत नाही म्हणून आईने काजाला रबरबँड अडकवून दिला होता. टेप लावली तर कंबर 104 सेंटीमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात.

"काकू, गोळी बंद करायची नाही," मी आधी हेच सांगितलं. अचानक गोळ्या सोडलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार उलटतो, आणि तो परत आटोक्यात आणणं घराला फार जड जातं.

या आजारात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, सरासरीने थोडा लहान असतो. हा फरक एकही गोळी न घेतलेल्या नव्या पेशंटमध्येही आढळतो. साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, हेही त्यांच्यात दिसतं. मधुमेह आणि मानसिक आजार एकाच घराण्यात दिसतात, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी 1879 मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा या गोळ्या नव्हत्याच. गोळ्या अगदी निर्दोष आहेत असंही नाही. मोठ्या डोसचा मेंदूच्या आकारमानावर थोडा परिणाम होत असावा, असं काही अभ्यास सुचवतात. म्हणून पुरेल तेवढा कमीत कमी डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम.

पण पोटाचा घेर दुर्लक्षून चालणार नाही. लठ्ठपणा आणि मेंदूचा पातळ झालेला बाहेरचा थर (कॉर्टेक्स) यांचा संबंध या पेशंटमध्येही दिसला आहे. शिवाय हे लोक इतरांपेक्षा लवकर जातात, आणि त्यामागे हृदयविकाराचा मोठा वाटा असतो. याचा मला मनापासून त्रास होतो. दर भेटीत झोप आणि आवाजांची चौकशी होते, कमरेला टेप मात्र क्वचितच लागते.

2010 मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या अभ्यासात 3 महिने सायकल चालवलेल्या पेशंटचा हिप्पोकॅम्पस सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं आढळलं नाही, पण व्यायामाने मन आणि साखर दोन्ही सुधारतात.

निनादच्या मानसोपचारतज्ज्ञांना मी चिठ्ठी दिली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 6.1 आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध सुरू केलं; वजन नाही उतरलं तर ओलान्झापिन बदलू म्हणाले. भूक औषधाची आहे, हावरटपणाची नाही, हे वडिलांना समजावायला मात्र दोन बैठका गेल्या. "अरे, किती खाशील!" हे जेवताना रोज ऐकून निनाद रात्री सगळे झोपल्यावर खारी-फरसाण खायचा.

आता तो स्टेशनवरून शेअर रिक्षा न करता चालत घरी येतो. कंबर 99 वर आली आहे. रात्रीची भूक अजून गेलेली नाही. आई डब्यात भाजलेले चणे ठेवते आणि वडील त्याच्यासोबत बसून तेच खातात.