'चा' की 'तील': बालमृत्यू दर नेमका कुणाचा?

प्रश्न आलाय: 'मराठवाड्याचा बालमृत्यू दर' आणि 'मराठवाड्यातील बालमृत्यू' यांत खरंच फरक आहे का?

आहे, आणि तो त्या 'चा'मध्ये आहे. 'तील' म्हटलं की मृत्यूची जागा ठरली. 'चा' नुसतं नातं सांगतो. कोणतं नातं? लेकरू जन्मलं तिथलं, गेलं तिथलं, की त्याची माय आज राहते तिथलं?

ऊसतोडीचंच बघा. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडची जोडपी मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेऊन दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात, उन्हाळ्यात परततात. समजा, जानेवारीत कराडजवळ कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) तान्हं लेकरू दगावलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानं मृत्यूची नोंद घडला तिथंच व्हायची. म्हणजे झालीच तर सातारा जिल्ह्यात. पण जूनमध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणवाले धारूरला त्या लेकराच्या आईच्या दारी आले, तर तोच मृत्यू मराठवाड्याच्या खात्यात. ते बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांची हकीकत विचारतात आणि हिशेब मुलाखतीच्या गावावर मांडतात. तेच जोडपं पिंपरी-चिंचवडला कायमचं गेलं असेल, तर धारूरला दगावलेलं लेकरूही पुण्याकडं मोजलं जाणार.

जनगणनेत तर आणखी गंमत. २०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन ऊसगाळपाच्या हंगामात. सगळी मुदत घराबाहेर असलेला माणूस सापडेल तिथं मोजायचा, असा नियम. म्हणजे 'मुलं किती झाली, हयात किती' हे बीडच्या बाईला विचारायचं ते उसाच्या फडावर. या दोन उत्तरांवरून, आईच्या वयोगटाप्रमाणे, बालमृत्यूचा अंदाज बांधतात. तो ऊसपट्ट्याचा धरायचा की बीडचा? (टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा गडी 'अर्धा कोयता'. लेकराला मोजमापच नाही.)

अभ्यासक यावर तोड म्हणून 'इथं किती वर्षं राहता?' हे पाहून स्थलांतराआधीचे जन्म वेगळे काढतात. पण हंगामापुरतं जाऊन येणाऱ्या बाईचं उत्तर 'जन्मापासून इथंच' किंवा 'लग्न झाल्यापासून' असंच येणार, मग ही चाळणी तिला लागतच नाही.

जाता जाता: 'अर्भकमृत्यू दर' एक वर्षाच्या आतला, 'बालमृत्यू दर' बहुधा पाच वर्षांच्या आतला; दोन्ही हजार जिवंत जन्मांमागे. बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

मी स्वतः सर्वेक्षणाच्या आकड्यासाठी 'मराठवाड्यात राहणाऱ्या मातांच्या मुलांचा मृत्युदर' असं लिहितो. मथळ्यात मावत नाही, हे कबूल.